इंजिन बदललं, आता गाडी विकायची का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या डिझायरचं इंजिन बदललं आणि तेव्हापासून भेटेल तो सल्ला देतोय. निम्मे म्हणतात, एवढा पैसा घातलाय तर आता ती गाडी सोडू नका, वसूल करून घ्या. उरलेले म्हणतात, इंजिन ताजं आहे तोवर विकून मोकळ्या व्हा, पुढचं दुखणं पुढचा बघेल. सगळे माझ्या भल्यासाठीच बोलतात. पण दोन्हीकडच्यांचा हिशेब एकाच रकमेभोवती फिरतो, इंजिनावर झालेल्या ९६ हजारांभोवती. मी वही घेऊन बसले, बाजारात भाव काढले, आरटीओचे हेलपाटे घातले, आणि माझं मत असं झालंय की ती रक्कम या हिशेबात धरायचीच नाही. गाडी ठेवली तरी ते पैसे गेलेत, विकली तरी गेलेत. बघायचं ते हे, की आज दारात उभी आहे ती गाडी कशी आहे, आज तिचे किती येतात आणि तेवढ्यात दुसरं काय मिळतं.

मी गडहिंग्लजच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नेसरी, हलकर्णी भागातल्या वयस्कर माणसांच्या घरी जाऊन रक्ताची सॅम्पल्स आणायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. सकाळी सहाला निघायचं, उपाशीपोटी थांबलेल्या माणसांना ताटकळत ठेवायचं नाही आणि नऊच्या आत लॅबमध्ये परत यायचं. त्यामुळे गाडी ही माझी रोजची गरज आहे, घरापुढची शोभा नाही. २०१४ ची डिझेल डिझायर, आम्हीच पहिले मालक. माहेर सावंतवाडीचं, म्हणजे आजरा-आंबोलीमार्गे घाट उतरणं नेहमीचंच.

त्या दिवशी माझा भाचा माझ्या आईला सावंतवाडीहून इकडे घेऊन येत होता. आंबोली घाटात जुलैचा पाऊस, धुकं, आणि वरून सुटून आलेला एक दगड रस्त्यात. गाडी त्यावरून गेली आणि चेंबर फुटला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं म्हणजे चेंबर, आणि गाडीच्या पोटाखाली तेच सगळ्यात आधी दगडाच्या तोंडी येतं. ऑइलचा लाल दिवा लागला, पण मागे ट्रक, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला कठडा. गाडी बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत इंजिन कोरडं चालत राहिलं. क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याला धरणारं बेअरिंग ही एकमेकांना टेकून फिरत नाहीत, त्यांच्यामध्ये दाबाखाली ऑइलचा अतिशय पातळ थर असतो. तो थर गेला की धातूवर धातू घासतो, बेअरिंग वितळल्यासारखं होऊन जागा सोडून फिरतं आणि मग पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटतो. आमचा रॉड ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं ओतीव धड, फोडून बाहेर आला होता. बोट आत जाईल एवढं भोक. आई आणि भाचा दोघंही सुखरूप होते, त्यामुळे त्या दिवशी गाडीचं दुःख करायचं कुणाला सुचलंच नाही.

विम्याचं आधी सांगून टाकते. सर्व्हेअर आला, त्याने चेंबर आणि पॅकिंगचा खर्च मान्य केला, इंजिनाचा नाही. दगड लागून चेंबर फुटला तो अपघात, पण ऑइल गेल्यावर गाडी चालत राहिली आणि इंजिन जाम झालं ते 'परिणामी नुकसान', आणि साध्या पॉलिसीत ते येत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं आणि जुन्या गाड्यांना ते बहुधा देत नाहीत. पावसात पाणी शिरून इंजिन बसलं तरी हाच नियम लागतो. ज्यांच्या गाड्या अजून पाच वर्षांच्या आतल्या आहेत, त्यांनी नूतनीकरणाच्या वेळी हे कव्हर आहे की नाही ते जरूर बघावं. प्रीमियममध्ये फार मोठा फरक पडत नाही.

इंजिनाच्या कामासाठी गाडी कोल्हापूरला उद्यमनगरात नेली. उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री आणि बोरिंगवाल्यांची पेठच. तिथले मिस्त्री नुसत्या आवाजावरून कुठला सिलिंडर मार खातोय ते सांगतात. आमच्यापुढे तीन वाटा होत्या. तोच ब्लॉक दुरुस्त करणं, तर एवढ्या मोठ्या भोकाला वेल्डिंग करून भरवसा धरता येत नाही, म्हणून ती वाट लगेच बंद झाली. कंपनीचं कोरं इंजिन घेतलं तर कोटेशन दोन लाखांच्या घरात जात होतं. तिसरी वाट म्हणजे वापरलेलं इंजिन. मुंबईत कुर्ल्यापासून दिल्लीत मायापुरीपर्यंत असली इंजिनं ढिगाने मिळतात. पण पुरात बुडालेल्या गाडीचं, चोरीच्या गाडीचं, मीटर मागे फिरवलेलं असं काहीही गळ्यात पडू शकतं. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मॅडम, कागद न्हाई तर इंजान न्हाई. फुकट मिळालं तरी घ्यायचं न्हाई."

आठवडाभर शोधाशोध केल्यावर अपघातात बाद ठरलेल्या एका डिझायरचं इंजिन मिळालं. मार मागच्या बाजूला बसलेला, समोरचा भाग शाबूत, ६१ हजार किलोमीटर चाललेली. विमा कंपनीने निकालात काढल्याचे कागद, त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि इंजिन नंबर घातलेलं पक्कं बिल, सगळं होतं. इंजिनाचे ५८ हजार, क्लच सेट, माउंटिंग, पाइप, ऑइल-कूलंटचे २१ हजार, मजुरी १४ हजार आणि गाडी उचलून आणायचे ३ हजार.

यात एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. हे १२४८ सीसीचं डिझेल इंजिन मुळात फियाटच्या रचनेचं. मारुतीच्या स्विफ्ट, रिट्झ, डिझायर, अर्टिगापासून टाटाच्या व्हिस्टा-मांझापर्यंत आणि फियाटच्या पुंटो-लिनियापर्यंत कितीतरी गाड्यांत ते बसलं. लोक त्याला 'नॅशनल इंजिन' म्हणायचे ते उगीच नाही. प्रदूषणाचे बीएस-६ निकष आल्यावर एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, तरी या इंजिनाचे सुटे भाग आणि त्यावर हात बसलेले कारागीर आजही तालुक्याच्या गावी मिळतात. गाडी ठेवायची की नाही हे ठरवताना ही बाब फार मोलाची आहे. एखादी गाडी कितीही चांगली असो, तिचा एक सेन्सर मागवायला तीन आठवडे लागत असतील तर माझ्यासारखीच्या कामाची ती नाही.

बसवताना मिस्त्रींनी दोन गोष्टी केल्या, त्या कुणाचंही इंजिन बदललं जात असेल तर विचारून घ्याव्यात. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, आणि ती हवा थंड करतो तो इंटरकूलर; जुन्या इंजिनाचा चुरा इंटरकूलरमध्ये आणि टर्बोच्या पाइपांत जाऊन बसलेला असतो. ते सगळं खोलून डिझेलने धुतल्याशिवाय नवीन इंजिन चालू करायचं नाही, नाहीतर जुन्याचा चुरा नव्याला खातो. आणि गिअरबॉक्स उतरलेलाच आहे म्हटल्यावर क्लच तेव्हाच बदलायचा, कारण नंतर क्लच गेला तर तेवढीच मजुरी परत द्यावी लागते. टर्बो आम्ही इंजिनासोबत आलेलाच ठेवला. ऑइल गेल्यावर पहिला बळी टर्बोचाच जातो, त्यामुळे जुन्याचा विचारसुद्धा केला नाही.

गाडी घरी आली आणि आम्ही विकायचंच ठरवलं होतं. खरंच. नवऱ्याचं म्हणणं, आता मन उडालंय तर देऊन टाकू. जाहिरात टाकली.

पहिला आला तो कोल्हापूरचा एक गाड्यांचा व्यापारी. त्याचं काम बघण्यासारखं होतं. आल्या आल्या बोनेटवर तळहात ठेवला. इंजिन आधीच गरम करून ठेवलंय का, ते बघायला. मग थंड इंजिन चालू करायला लावलं, मागे जाऊन धूर बघितला, पुढे येऊन ऑइल भरायचं झाकण सैल केलं आणि नुसतं वर ठेवलं. झाकण उडतं की थरथरत जागेवर राहतं, यावरून बॅक कॉम्प्रेशन कळतं. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजलेल्या असल्या तर जळालेला वायू पिस्टनच्या बाजूने खाली येतो आणि तिथून फसाफसा बाहेर पडतो. आमचं झाकण जागचं हललं नाही. तोवर त्याचा चेहरा खुललेला होता. मग त्याने टॉर्च काढून माउंटिंगचे बोल्ट बघितले. कारखान्यातून येताना बोल्टवर जो रंग असतो तो पाना लागला की टवका जाऊन उडतो. "ताई, इंजिन ओपन झालंय?" म्हणजे खोलून दुरुस्त केलंय का. मी म्हटलं, ओपन नाही, बदललंय, हे बिल. बिल त्याने हातात घेतलंसुद्धा नाही. आमच्यासारख्याच गाड्यांना बाजारात तीन लाखांच्या पुढे सांगत होते, त्याने २ लाख २५ हजार सांगितले. "इंजिन बदललेली गाडी पुढं सरकत नाही, गिऱ्हाईक बिचकतंय." त्याच्या जागी तो बरोबरच असेल. त्याला पुढच्या माणसाला 'नॉन-ओपन इंजिन, सिंगल हँड' एवढं चार शब्दांत सांगता आलं पाहिजे. माझ्या इंजिनाची गोष्ट सांगायला अर्धा तास लागतो.

दुसरे आले ते आजऱ्याकडचे एक निवृत्त गुरुजी. त्यांनी बिल नीट वाचलं, इंजिन किती चाललेलं ते विचारलं, मिस्त्रींना फोन लावून बोलले आणि २ लाख ६० हजार द्यायला तयार झाले. मग त्यांनी आरसी मागितली, आणि तिथे गाडं अडलं. आरसीवर जुनाच इंजिन नंबर होता.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण इंजिन बदलणाऱ्यांतले निम्मे लोक हे करतच नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदललं की १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. आमचा अर्ज वेळेत गेला होता, पण नोंद होऊन यायची होती. अर्जासोबत आरसी, विमा, पीयूसी, इंजिनाचं बिल आणि ज्या गाडीतून ते काढलं तिचे कागद लागतात. इंजिन चोरीचं नाही याची खातरजमाही होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या यंत्रणेत चोरीच्या वाहनांचे इंजिन आणि चासीस नंबर असतात, तिथे नंबर तपासता येतो. मग गाडी तपासणीला न्यायची. निरीक्षकांनी चासीस नंबरवर कागद धरून पेन्सिलने घासून ठसा घेतला. इंजिन नंबर मात्र ब्लॉकवर अशा अडचणीच्या जागी की कागद धरून घासायलाच जमेना. मी बारीक हातमोजे घालून खाली हात घातला, तेलकट धूळ स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि मग आकडे दिसले. सुई टोचायच्या आधी जे करते तेच.

नवीन नंबराची आरसी आली की काम संपलं असं नाही. विमा कंपनीला कळवून पॉलिसीतही नंबर बदलून घ्यावा लागतो. नाहीतर उद्या अपघात झाला, सर्व्हेअरने इंजिन नंबर ताडून बघितला आणि जुळला नाही, की क्लेम लटकला. उच्च सुरक्षेची (एचएसआरपी) नवीन नंबरपाटी बुक करतानाही चासीस आणि इंजिन नंबर टाकावा लागतो, तेव्हाही हा घोळ पुढे येतो. गुरुजींनी थांबायची तयारी दाखवली होती. त्या थांबण्याच्या काळातच माझा विचार फिरला.

फिरला तो एका बशीमुळे. नवीन इंजिनावर पहिले हजारेक किलोमीटर झाल्यावर मिस्त्रींनी ऑइल बदलायला बोलावलं होतं. जुनं ऑइल फिल्टर त्यांनी टाकून दिलं नाही. पत्रा करवतीने कापला, आतला कागद घडी उलगडून उन्हात धरला आणि मला दाखवला. इंजिनाच्या पोटात काय झिजतंय ते या कागदावर येऊन बसतं. मी त्यांच्याकडून काढलेलं थोडं ऑइल सॅम्पलच्या बाटलीत मागून घेतलं. लॅबमध्ये दुपारी काम संपल्यावर ते झायलीनमध्ये पातळ केलं, कारण डिझेलचं ऑइल काजळीने इतकं काळं असतं की तसंच काचेवर घेतलं तर काहीच दिसत नाही. झायलीन आमच्याकडे लेन्स पुसायला असतंच. पातळ केलेलं काचेच्या बशीत ओतलं, बशीखालून चुंबक फिरवला, गाळ बसू दिला आणि त्यातला थेंब स्लाइडवर घेऊन बघितला. आमच्या मायक्रोस्कोपचा उजेड खालून येतो, त्यामुळे धातूचा कुठलाही कण काळाच दिसतो. रंग कळायचा तर वरून टॉर्च मारावा लागतो. तसं केल्यावर चुंबकाकडे ओढलेली थोडी बारीक लोखंडी धूळ दिसली, जी एवढ्या चाललेल्या इंजिनात असणारच. मी शोधत होते तांबूस चकाकी. बेअरिंगच्या वरच्या थराखाली बहुधा तांब्याचा मिश्रधातू असतो. ती चकाकी दिसली की समजायचं, बेअरिंग खायला लागलंय. सगळी स्लाइड पालथी घातली, मग दुसरी घेतली. तांबूस काही नव्हतं.

ही काही तेलाची प्रमाणित तपासणी नव्हे, ते मलाही ठाऊक आहे. पण रोज शेकडो पेशींतून एखादी वेगळी पेशी शोधायची सवय असलेल्या डोळ्यांना त्या थेंबात जे दिसलं त्यावर मी विश्वास ठेवते. मिस्त्रींनी कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते तेही, मोजलं होतं. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांना धरून होते. आकडा किती यापेक्षा चारही एकसारखे असणं महत्त्वाचं, असं ते म्हणाले.

मग मी माझ्या हिशेबाला नव्याने बसले. या गाडीबद्दल आता मला जे माहीत आहे ते बाजारातल्या कुठल्याच दुसऱ्या गाडीबद्दल मला माहीत असणार नाही. क्लच कधीचा, पाइप कधीचे, ऑइलमध्ये काय आहे, पुढच्या शॉकअपमधून तेल झिरपतंय, मागच्या दाराचं रबर कडक झालंय, सगळं. या माहितीला बाजारात भाव नाही. व्यापाऱ्याने बिल हातातसुद्धा घेतलं नाही ते याचसाठी. आणि जिला विकताना भाव नाही पण वापरताना मोल आहे, अशी गोष्ट विकायची कशाला?

आकडे असे. माझं वापरणं वर्षाला सुमारे १८ हजार किलोमीटर. ही गाडी लिटरला २० देते, म्हणजे ९०० लिटर डिझेल. गुरुजींच्या २ लाख ६० हजारांत भर घालून २०१९-२० ची पेट्रोल सेदान घ्यायची तर साडेपाच लाख, म्हणजे खिशातून आणखी २ लाख ९० हजार. ती माझ्या रस्त्यांवर १६ देईल असं धरलं तर ११२५ लिटर पेट्रोल. डिझेल नव्वदीत, पेट्रोल शंभरीपार, त्यामुळे नुसत्या इंधनात वर्षाला ३५ हजारांच्या आसपास फरक. सीएनजीचा विचार केला, पण डिकीत सिलिंडर आला की सॅम्पलचे थंड डबे ठेवायचे कुठे? कोरी गाडी घ्यायची तर नऊ-दहा लाख आणि पाच वर्षं हप्ते.

ठेवायची म्हटलं तर या वर्षी टायर आणि शॉकअप मिळून ४० हजार आहेत. पुढे सर्व्हिस, बॅटरी, किरकोळ कामं धरून वर्षाला ३० ते ३५ हजार धरले. २०२९ ला नोंदणीची १५ वर्षं पुरी होतील. तेव्हा पुनर्नोंदणी करायची झाली तर एप्रिल २०२२ पासूनच्या दराने ५ हजार रुपये शुल्क, शिवाय फिटनेस तपासणी आणि आपल्या राज्याचा पर्यावरण कर. तोवर गाडीची किंमत घसरून लाखाच्या खाली आली तरी चार वर्षांचा एकूण खर्च दुसऱ्या कुठल्याही वाटेपेक्षा कमीच येतो. 'डिझेल बंद होणार' म्हणून घाबरवणारेही भेटतात. १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी हरित लवादाने २०१५ मध्ये घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली, ती दिल्ली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यासाठी. गडहिंग्लजच्या गाडीला ती लागू नाही.

एवढं सगळं जुळत असताना एकच मुद्दा आकड्यांत बसेना, आणि तो माझ्या मुलीने काढला. या गाडीला एकही एअरबॅग नाही. नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ पासून, शेजारच्या सीटची त्यानंतर. आमच्या २०१४ च्या मॉडेलमध्ये ती नव्हती आणि बाहेरून बसवून घ्यायची ती वस्तू नव्हे. मुलगी म्हणाली, "आई, तू इंधनाचे ३५ हजार मोजतेयस, पण रोज पहाटे तू एकटी स्टिअरिंगमागे असतेस, ते कशात मोजणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही पुरतं नाही. गाडी विकावी असं मला ज्या एका कारणाने वाटतं ते हेच. इंजिनाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

त्यामुळे निर्णय झाला तो अटी घालून. गाडी ठेवायची, २०२९ पर्यंत. ती माझ्या रोजच्या गावांच्या फेऱ्यांना चालेल, जिथे रस्ता असा आहे की चाळीस-पन्नासच्या वर वेग जातच नाही. हायवे, रात्रीचा प्रवास आणि पावसाळ्यातला घाट तिच्यातून करायचा नाही. आईला आणायचं तर एअरबॅगवाली टॅक्सी ठरवायची, आणि तो खर्च मी वरच्या हिशेबात धरलाय. नव्या गाडीचा जो हप्ता बसला असता त्याऐवजी दर महिन्याला १२ हजारांची आरडी सुरू केलीय. चार वर्षांनी पावणेसहा लाख मुद्दल होईल, त्यावर व्याज, त्यात या गाडीचे येतील ते. तेव्हा सहा एअरबॅगवाली गाडी घेताना कर्ज लागलंच तर थोडकं लागेल.

त्याआधी विकायची वेळ कधी येईल तेही मी आणि मिस्त्रींनी बसून ठरवलंय, कारण मोठा खर्च अंगावर आल्यावर डोकं नीट चालत नाही. डिझेलचा हायप्रेशर पंप किंवा गिअरबॉक्स गेला तर दुरुस्ती न करता आहे त्या स्थितीत विकायची. खालच्या चासीसच्या पत्र्याला गंज लागून तो पोखरायला लागला तरी तेच. आणि दर ऑइल बदलाला मी एक स्लाइड बघणार. तांबूस काही दिसलं की आणखी कुणाचा सल्ला न घेता विकायची.

आजऱ्याच्या गुरुजींना मी स्वतः फोन केला. आरसी आली होती, ते वाट बघत होते, आणि नाही म्हणताना मला अवघडल्यासारखं झालं. ते रागावले नाहीत. उलट दुसरी गाडी बघताना काय काय विचारायचं ते त्यांनी विचारून घेतलं. मी सांगितलं: इंजिन बदललेलं असेल तर भिऊ नका, पण आरसीवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून बघा, ज्या गाडीतून ते आलं तिचे कागद मागा, आणि झाकण सैल करून बॅक कॉम्प्रेशन बघा. ऑइलचं सॅम्पल आणून दिलंत तर मी बघून देईन, असंही म्हटलं. परवा त्यांनी नेसरीच्या एका गाडीचं बाटलीभर ऑइल पाठवलंय. आज दुपारी ते बघायचं आहे.